जाड टायरचा माग

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याचा दोष मी माझ्या धंद्याला देतो. भुसावळात माझं चष्म्याचं दुकान आहे. लोक समोरच्या तक्त्यावरची अक्षरं डोळ्यांनी वाचतात, असं तुम्हाला वाटत असेल. छे! बाकावर बसलेला माणूस पुढच्याचं वाचन ऐकून ऐकून अख्खा तक्ता पाठ करतो आणि खुर्चीत बसला की शाळेतल्या पोरासारखा घडाघडा म्हणून दाखवतो. का, तर चष्म्याचा नंबर वाढला असं निघायला नको. म्हणून मी दोन तक्ते ठेवलेत आणि मधेच न सांगता बदलतो. मग बघा त्यांचे चेहरे.

शाळेपासूनचा माझा एक मित्र फ्रान्समध्ये नोकरीला आहे. तीन-चार वर्षांपूर्वी त्याला सायकलचं वेड लागलं. साधी सायकल नव्हे, ग्रॅव्हल सायकल. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वाकडं, पण टायर जाड आणि दातेरी. डांबर सोडून खडी-मातीच्या वाटांवर चालवायची. सुट्टीच्या दिवशी हा तिकडच्या खेड्यापाड्यांतून हिंडायचा आणि मला व्हिडिओ पाठवायचा. दोन्ही बाजूंना गहू, मधून पांढरी वाट, लांब एखादं गाव, एखादी गाय. माणूस औषधालाही नाही. मी त्याला विचारलं, लोकांच्या शेताच्या कडेने दिवसभर फिरतोस, तुला कोणी हटकत नाही का? तो म्हणाला, कोणी नाही, फार तर ट्रॅक्टरवरचा माणूस हात वर करतो आणि जातो. माझा विश्वास बसला नाही. दिवसभर परक्या शिवारातून जायचं आणि कोण, कुठले, कोणाकडे आलात, हे एकानेही विचारायचं नाही? मला वाटलं, हा काहीतरी लपवतोय.

पण ते व्हिडिओ बघता बघता मलाही नाद लागला. पुण्याहून मी तशीच एक सायकल आणवली. तिकडे म्हणे आखलेल्या वाटांचे नकाशे तयार मिळतात. इथे मी माझी वाट स्वतः आखली. तापीचा पूल ओलांडायचा, डांबरी सोडून पाटाच्या कडेचा मुरमाचा रस्ता धरायचा, मग गाडवाटेने केळीच्या बागांमधून सातपुड्याच्या दिशेने जायचं आणि दुसऱ्या अंगाने परत यायचं. सकाळी त्या बागांतून गार हवा येते. दोन्हीकडे केळीची पानं, मधे आपण, खाली टायरचा करकर आवाज. दुकानाच्या सुट्टीचा दिवस उजाडायची मी वाट पाहायचो.

आणि हटकणं? पहिल्याच फेरीत विचारून विचारून लोकांनी मला बेजार केलं. पाटावर एकाला वाटलं, मी मोजणीवाला आहे, इथून नवा रस्ता जाणार. त्याने चहा पाजला आणि रस्ता त्याच्या भावकीच्या शेतातून न्यावा म्हणून गळ घातली. दुसऱ्याला वाटलं, मी पंपाच्या केबली चोरणाऱ्यांचा माणूस, आधी टेहळणी करून जातो. तो मोटारसायकलवरून माझ्या मागे मागे आला, तोंडाने एक अक्षर न बोलता, शीव ओलांडेपर्यंत. "कायले फिरता भो उगाच?" असं एका म्हाताऱ्याने विचारलं तेव्हा मी म्हणालो, व्यायामाला. त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याला ते पटलेलं नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं.

माझी मोठी बहीण याच वाटेवरच्या एका गावात दिलेली आहे. मी तिला अक्का म्हणतो. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, केळीवाले. गावाला लागूनच त्यांची बाग आहे. सायकल नवी असताना मी ती दाखवायला थेट अक्काच्या मागच्या दाराने आत घेऊन गेलो. नेमकं तिने मागचं अंगण तेव्हाच शेणाने सारवलेलं. ओल्या सारवणावर या टोकापासून त्या टोकापर्यंत टायरचा पट्टा उमटला. मधे बारीक चौकटी, कडेला मोठे दात, शेवेच्या सोऱ्याची चकती दाबल्यासारखा. अक्काने मला चांगलं फैलावर घेतलं. मग खाली वाकून टायर बोटाने दाबून पाहिलं, हसली, आणि दाजींना बोलावून तो पट्टा दाखवला. पुढच्या वेळी गेलो तेव्हा पट्टा वाळून तसाच होता. तेवढा भाग वगळून तिने बाकीचं अंगण सारवलं होतं.

नंतर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला भावाने बहिणीला आणायला जायचं असतं, मुऱ्हाळी बनून. अक्काची पन्नाशी उलटली, तरी मी दरवर्षी जातो आणि तीही आठ दिवस आधीपासून पिशवी भरून ठेवते. या वेळी गेलो तर दाजी म्हणाले, पाठवत नाही. जुन्या बागेची कापणी चालू आहे, घरी इतकी माणसं जेवायला आहेत, कोण करणार? अंगणात व्यापाऱ्याची माणसं, मजूर, शेजारचे दोघं, सगळे उभे होते. अक्का दारात पिशवी घेऊन उभी. तिने पिशवी हळूच दाराआड ठेवली, ते मी पाहिलं आणि माझं डोकं सटकलं.

मी म्हणालो, "तुमच्या केळी उभ्या आहेत तोवर तुम्ही माझ्या बहिणीला सोडणार नाही. एकदा त्या आडव्या झाल्या, की मगच ती माहेर पाहील."

असलं काही शुभ सणाला बोलायचं नसतं, तेही केळीवाल्याच्या अंगणात. आमच्या केळीच्या भागात रागाच्या भरात कोणीतरी रात्रीतून दुसऱ्याची उभी बाग कापून टाकतो, असं दर दोन-तीन वर्षांनी कुठे ना कुठे घडतं. घड लागलेली झाडं कोयत्याने आडवी करायची, बस. त्यामुळे माझं वाक्य ऐकून सगळे एकदम दाजींकडे बघायला लागले. दाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेले. मी अक्काला न घेता परत आलो.

त्यानंतर मी त्या घरी गेलो नाही. पण वाट मात्र बदलली नाही. खरं सांगायचं तर थोडी वाकडी करून मुद्दाम त्यांच्या नव्या बागेच्या बांधावरून नेली. अक्का कधीमधी सकाळी सालदाराची, म्हणजे सालाने ठेवलेल्या गड्याची, न्याहारी घेऊन बागेत येते. लांबून दिसली तरी पुरे, असा हिशोब. कधी दिसायची, कधी नाही. दिसली तर मी हात करायचो आणि ती इकडेतिकडे बघून मग हात करायची. ते इकडेतिकडे बघणं मला अजिबात आवडायचं नाही. कोणाला घाबरत होती ती? मला वाटायचं, घरात तिला माझ्यावरून बोलणी बसत असणार, आणि ही मला सांगत नाही.

आषाढातली गोष्ट. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा त्या बांधावर जाऊन थांबलो. आदल्या दिवशी पाऊस झाल्याने माती ओली होती. अक्का आली नाही. मी थोडा वेळ उभा राहिलो, सायकल वळवली आणि निघालो. त्या रात्री दाजींची नवी बाग कोणीतरी कापली.

मला ते दुसऱ्या दिवशी दुकानात कळलं. अक्काच्या गावचा एक जण चष्मा न्यायला आला होता. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि मग सांगितलं, तुमच्या दाजींची बाग झोपवली रात्री. सांगताना त्याचं लक्ष बातमीत नव्हतं, माझ्या तोंडाकडे होतं. केळींचं वाईट वाटलंच, पण त्याआधी माझं आखाजीचं वाक्य मला आठवलं, आणि ते त्या माणसालाही आठवत होतं.

दुकान नोकरावर सोडून मी मोटारसायकल काढली. वाटेत एकच विचार. माझ्यावर आळ आला तर मी भुसावळात बसून निभावून नेईन, दोन शिव्या देईन, दोन खाईन. पण अक्काला त्याच घरात नांदायचं आहे. बाग कापणाऱ्याची बहीण म्हणून त्या घरात, त्या गावात, उरलेलं सगळं आयुष्य. नळावर, लग्नात, कुणाच्या दहाव्याला, कुठेही गेली तरी बायका तिच्याकडे बघून बोलायच्या थांबतील.

बागेत माणसं जमली होती. ओळीच्या ओळी आडव्या पडलेल्या, अर्धवट भरलेले हिरवे घड चिखलात. दाजी बांधावर बसले होते. मी जवळ गेलो तर त्यांनी मान वर केली नाही. गावचे पोलीस पाटील मात्र उत्साहात होते. त्यांनी मला हाताला धरून बांधाच्या कडेला नेलं आणि दाखवलं. तिथली ओली माती लांबपर्यंत सारखी केलेली होती. केळीचं ओलं पान फरफटत ओढल्याच्या रेघा स्वच्छ दिसत होत्या.

"चोर हुशार व्हता," पाटील म्हणाले. "आपला माग पुसून गेला."

मी त्या जागेकडे नीट पाहिलं. मी आदल्या सकाळी थांबलो होतो ती हीच जागा. माझी सायकल इथेच वळली होती. म्हणजे जो पुसला गेला तो माझाच माग. मग कोणी पुसला? चोराला माझ्या टायरचं काय पडलं होतं? उलट चोराने तो राखून ठेवला असता, आयतं गिऱ्हाईक मिळालं असतं. माझं संशयी डोकं गरागरा फिरायला लागलं. सालदार? त्याला काय गरज. दाजींचा चुलतभाऊ? तो गर्दीत मागे उभा राहून तंबाखू मळत होता, आणि माझ्याकडे बघून त्याने नजर वळवली. झालं, मी मनातल्या मनात त्याला पकडून, मारून, पोलिसांच्या ताब्यातही देऊन टाकलं. गर्दीतून कोणीतरी पुटपुटलं, तो जाड्या टायरचा सायकलवाला रोज इकडून जातो म्हणे. मी गर्रकन वळलो, तशा सगळ्यांच्या माना दुसरीकडे वळल्या. दाजी तेवढे हलले नाहीत.

मी तसाच अक्काच्या घरी गेलो. अक्का चुलीपाशी होती. तिने पाणी दिलं, चहा टाकला. रडून डोळे सुजलेले. मी पाटावर बसलो आणि तिच्या साडीकडे माझं लक्ष गेलं.

केळीचा चीक कपड्याला लागला की कपडा गेला, हे आमच्या भागात तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. पांढऱ्या पाण्यासारखा दिसतो आणि बघता बघता काळपट तपकिरी होतो. मग साबण लावा नाहीतर सोडा, डाग जात नाही. म्हणून बागेत जायची लुगडी, शर्ट, सगळं वेगळं ठेवतात. घरातल्या कपड्याने बागेत कोणी पाऊल टाकत नाही. अक्काच्या अंगावर घरातली चांगली साडी होती, मागच्या दिवाळीला मीच घेतलेली. तिच्या पदरावर, कमरेशी आणि निऱ्यांवर लांबच्या लांब ताजे डाग होते. ओलं पान अंगाशी धरून ओढत नेलं, की पडतात तसे.

मी उठून तिच्याजवळ गेलो. मग तिने हळू आवाजात, चुलीकडे तोंड करून सांगितलं. पहाटे सालदार धावत आला तेव्हा अंगणात ती एकटीच जागी होती. तिने त्याला माडीवर झोपलेल्या दाजींना आणि मग पाटलांना उठवायला पाठवलं आणि स्वतः होती तशी बागेकडे पळाली. कापलेल्या केळींच्या आधी तिला बांधावरचा पट्टा दिसला. मधे बारीक चौकटी, कडेला मोठे दात. दाजींनीही तो पट्टा अंगणात पाहिलेला होता. त्यांनाही ओळखता आला असता. तिने कापलेलं एक पान उचललं आणि माणसं यायच्या आत सगळं पुसून काढलं.

मला काय वाटलं ते कसं सांगू? तिने मला वाचवलं होतं. आणि तिला वाटलं होतं की मीच कापली. दोन्ही गोष्टी एकदम माझ्या अंगावर आल्या. संताप आला, रडू आलं, त्या साडीचा डाग खसाखसा घासून काढावासा वाटला.

मी म्हणालो, "अक्का, मी नाही कापली. सकाळी नुसता थांबलो होतो. तुला बघायला."

तिने चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मी इचारलं का तुले?"

एवढंच. मी तो चहा कसाबसा प्यालो आणि निघालो. परतीच्या वाटेवर तिचं वाक्य मी शंभरदा मनात म्हणून पाहिलं. घरी येऊन पहिलं काम केलं ते सायकल धुवायचं. टायरचा प्रत्येक दात जुन्या दातब्रशने घासला. का घासला, कोण बघायला येणार होतं, देव जाणे. मग तिच्यावर चादर टाकून मागच्या पडवीत उभी केली. फ्रान्सच्या मित्राचा त्याच आठवड्यात व्हिडिओ आला, कुठल्यातरी टेकडीवरची पांढरी वाट. मी तो उघडला नाही. त्याच्या वाटेवर कोणी काही विचारत नाही, यात एवढं कौतुक करण्यासारखं काय आहे, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

पुढचे दिवस मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत काढले. त्या गावचं गिऱ्हाईक आलं की मला वाटायचं, हा चष्म्यासाठी आलेला नाही, बघायला आलाय. पोलिसांनी दोन वेळा बोलावून विचारपूस केली, सभ्यपणे केली. आखाजीचं वाक्य त्यांना शब्दन् शब्द माहीत होतं. दाजींचा फोन नाही. मी केला तर उचलत नव्हते.

आणि मग राखीला अक्का आली. एकटी, एसटीने, हातात डबा. मला अपेक्षाच नव्हती. माझ्या बायकोने पाट मांडला, अक्काने ओवाळलं आणि माझ्या उजव्या हाताला राखी बांधली, नेहमीसारखी गच्च, मनगटावर वळ उठेल इतकी. घास भरवला. तब्येतीची चौकशी केली. जाताना पडवीत सायकल दिसली तेव्हा तिने चादर जराशी वर करून टायर पाहिलं आणि म्हणाली, धुतली वाटतं. मी हो म्हणालो. तिने चादर पुन्हा नीट पांघरली.

ती गेल्यावर मी बायकोला म्हणालो, बघ, अक्काला पटलं. नाहीतर आली असती का? त्या घरातून, त्या लोकांना सांगून, राखी बांधायला आली असती? जन्मात पहिल्यांदा मी कसलाही संशय न घेता झोपलो.

पोळ्याच्या आधी एक दिवस भर दुपारी अक्काचा फोन आला. दुकानात गर्दी होती, एक बाई खुर्चीत बसून तक्ता वाचत होती.

"पकडला रे भो," ती म्हणाली. "त्याले पकडला."

शेजारच्या गावचा एक माणूस होता. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून त्याचं भांडण होतं ते दाजींशी नव्हे, पलीकडच्या बागवाल्याशी. अंधारात त्याची बाग चुकली आणि त्याने दाजींची कापली. चूक लक्षात आल्यावर आता तो खऱ्या बागेत कोयता घेऊन शिरला आणि सालदारांच्या हाती सापडला. दोन्ही बागांचं कबूल केलं. एवढं सांगून होईपर्यंत अक्का बरी होती. मग ती रडायला लागली. साधं रडणं नव्हे. हुंदक्यावर हुंदका, मधेच हसायची, मधेच माझं लहानपणचं नाव घ्यायची, पुन्हा रडायची. बाग कापली त्या दिवशीही ती अशी रडली नसेल.

ते रडणं ऐकता ऐकता मला कळलं. माझी बहीण आत्ता सुटली होती. म्हणजे आत्तापर्यंत तिला काही पटलेलं नव्हतं. ती एसटीत बसली, डबा घेऊन माझ्या दारात आली, मला ओवाळलं, ते सगळं मीच कापली असं धरून. धुतलेलं टायर बघून तर तिची खात्रीच झाली असणार. ज्या हातात कोयता होता असं तिला वाटत होतं, त्याच हाताला तिने ती राखी बांधली होती.

मी खुर्चीतल्या बाईला हाताने थांबायची खूण केली आणि मागच्या खोलीत गेलो. मी विचारलं, "अक्का, मग राखीला कशी आलीस तू?"

ती नाक ओढत होती. तिला माझा प्रश्नच समजला नसावा, कारण उत्तर द्यायला तिला जराही वेळ लागला नाही.

"कशी म्हंजे? तेव्हाबी तू माझा भाऊच व्हता ना," ती म्हणाली, आणि दाजींना बोलायचंय म्हणून तिने फोन त्यांच्या हातात दिला.